अ‍ॅव्हरेज किती देते?

"दादा, तुझ्या त्या पानावर बावीस लिहिलं होतंस. मला चौदा पडतंय."

नाशिकहून मामेभावाचा फोन होता. गाडी घेऊन चार महिने झाले होते आणि हप्ते सुरू होते. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत ‘इंजिन अजून मोकळं व्हायचंय’ म्हणून त्याने कळ काढली. मग वही घेतली, तीनदा टाकी फुल करून हिशोब मांडला आणि मला फोन लावला.

ते पान मी एका शनिवार-रविवारात केलं होतं. दोन याद्यांमधून दोन गाड्या निवडायच्या, ‘तुलना करा’ दाबायचं, की शेजारीशेजारी दोन रकाने उघडणार. किंमत, इंजिन, अ‍ॅव्हरेज आणि वर्षाला पेट्रोलवर अंदाजे किती जातील ते. शेवटचा आकडा हिरवा किंवा लाल. दिसायला झकास होतं, मित्रमंडळीत फिरलंही. भावाने त्यावर विसंबून दोन गाड्यांमधली एक पक्की केली.

फोन ठेवला आणि माझी शीट उघडली. त्याने घेतलेल्या गाडीचा आकडा मी कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलला होता. त्याने सोडून दिलेल्या गाडीचं माहितीपत्रक मला तेव्हा सापडलं नव्हतं, म्हणून तिथे चार-पाच मालकांनी सांगितलेल्या आकड्यांची सरासरी टाकली होती. म्हणजे एका रकान्यात प्रयोगशाळा, दुसऱ्यात रस्ता आणि वर माझं बटण. कोडमध्ये एकही चूक नव्हती.

त्या रात्री पान बंद केलं. पण डोक्यातून जाईना. हे काम कुणी धड केलंय का, हे शोधत बसलो. अमेरिकन सरकारने केलंय. त्यांची तुलनेची वेबसाइट १९९९ साली आली. तिच्या आधीची तयारी मात्र पंचवीस वर्षं चालली होती, आणि साइट आल्यावर त्यांना आपलेच छापलेले हजारो आकडे मागे जाऊन बदलावे लागले. मला तो शेवटचा भाग सगळ्यात जास्त आवडतो, पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

तुमच्यापैकी कुणी डेटा सायन्सचा कोर्स केला असेल तर या वेबसाइटशी तुमची नकळत भेट झालेली आहे. ‘आर’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आलेख काढायला शिकवताना एक तक्ता हमखास पुढे येतो. त्याचं नाव ‘एमपीजी’. २३४ ओळी, ३८ मॉडेलं, १९९९ आणि २००८ या दोन सालांच्या गाड्या. इंजिन मोठं तसा मायलेज कमी, हा ठिपक्यांचा आलेख जगभरच्या लाखभर पोरांनी तरी काढला असेल. तो तक्ता याच साइटवरून उचललेला आहे. १९९९ आणि २००८ ही सालं लक्षात ठेवा. तक्ता करणाऱ्याने ती निवडली तेव्हा त्याच्या मनात हे नसणार, पण आपल्या गोष्टीत दोन्ही महत्त्वाची आहेत.

*

ऑक्टोबर १९७३. अरब तेल उत्पादक देशांनी इस्रायलला मदत केल्याबद्दल अमेरिकेचं तेल तोडलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत नंबर प्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम यावर पेट्रोल कुठल्या दिवशी मिळणार ते ठरू लागलं. हायवेवरचा वेग देशभर ताशी ५५ मैलांवर आणला गेला.

तोवर अमेरिकेत गाडी घेताना मायलेज विचारणं म्हणजे जरा कंजूषपणाच. पेट्रोल पाण्यासारखं स्वस्त, गाड्या बोटीएवढ्या. १९७५ च्या सुमाराला नवी अमेरिकन गाडी सरासरी गॅलनला १३ मैल जायची, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेपाच किलोमीटर. आपल्याकडे टेम्पोवालाही याहून बरं अ‍ॅव्हरेज सांगेल.

आता लोक विचारायला लागले, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. कंपन्या आपापले आकडे सांगत होत्या. मोटारींची मासिकं स्वतः गाडी पळवून मोजत होती. पण सगळ्या गाड्या एकाच रीतीने मोजणारं कुणी नव्हतं. म्हणजे तसं एक खातं होतं, पण ते वेगळंच काहीतरी मोजत होतं.

१९७० साली स्थापन झालेल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, ईपीएची, मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावी प्रयोगशाळा होती. तिथे गाड्यांचा धूर तपासत. गाडी मोठ्या रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरवायची आणि चालकाने समोरच्या पडद्यावरची वेगाची रेघ जशी वर-खाली जाईल तसा पाय दाबायचा-सोडायचा. ही रेघ लॉस एंजेलिसमधली होती. त्या शहरावर धुरक्याचं सावट होतं, म्हणून तिथल्या एका रोजच्या रस्त्यावर गाडी चालवून वेगाचा आलेख नोंदवला होता. साडेसात मैल, तेवीस मिनिटं, सरासरी वेग ताशी साडेएकोणीस मैल. तो आलेख देशाचं ‘शहर’ ठरला. आणि तोही जसाच्या तसा नव्हता. त्या काळच्या रोलरवर जोरात गाडी उचलली की टायर घसरायचे, म्हणून जिथे चालकाने खरोखर पाय दाबला होता तिथली रेघ हलकी करून घेतली. कॅलिफोर्नियातला माणूस रोलरला सोसेल इतक्याच बेताने गाडी चालवतो, असं कागदावर कायमचं ठरून गेलं.

या परीक्षेत नळीतून बाहेर पडणारा सगळा वायू पिशव्यांमध्ये भरून घेत. त्यातला कार्बन मोजत. आणि इथे कुणाच्या तरी लक्षात आलेली गोष्ट साधी होती: पेट्रोलमधून जेवढा कार्बन आत गेला तेवढाच बाहेर येणार. म्हणजे धूर मोजला की पेट्रोल मोजल्यासारखंच आहे. टाकीला हातही लावायला नको. आज जगभर गाड्यांच्या जाहिरातीत झळकणारा मायलेजचा आकडा असा धुराच्या तपासणीतून पडलेलं उपउत्पादन आहे. पेट्रोल मोजण्यासाठी ती परीक्षा कुणी रचलीच नव्हती.

एकट्या शहराचा आकडा फार कमी दिसतो अशी कुरकुर झाली, तेव्हा दुसरी रेघ आली, हायवेची. सवादहा मैल, पावणेतेरा मिनिटं, कमाल वेग ताशी ६०. देशाची मर्यादाच ५५ होती, त्यामुळे तेव्हा ते पटण्यासारखं होतं. डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जा कायद्यावर सही केली. कंपन्यांच्या मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर न्यायची, हा त्याचा गाजलेला भाग. त्याच कायद्यात दोन बारकी कलमं होती: प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मायलेजचं लेबल हवं, आणि प्रत्येक विक्रेत्याकडे सगळ्या गाड्यांचे आकडे असलेली पुस्तिका फुकट मिळाली पाहिजे.

पुढे वेबसाइट झाली ती हीच पुस्तिका.

*

इथे एक हिशोबाची गंमत सांगायला थांबतो, कारण माझ्या पानात ती चूकही होती आणि भावाने ती पकडली नव्हती.

शहरात २० आणि हायवेला ३० देणाऱ्या गाडीचं एकूण अ‍ॅव्हरेज किती? पंचावन्न टक्के शहर, पंचेचाळीस टक्के हायवे असं धरा. अमेरिकन लेबलही हेच प्रमाण धरतं. सरळ गुणाकार-बेरीज केली तर साडेचोवीस येतं. ते चूक आहे. १०० किलोमीटर जायचे तर शहरातल्या ५५ ला पावणेतीन लिटर लागणार, हायवेच्या ४५ ला दीड. सव्वाचार लिटरमध्ये १०० किलोमीटर, म्हणजे साडेतेवीस. सरासरी पेट्रोलची काढायची, मग उलटं करायचं. आपण ज्या आकड्याला रोज ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो, त्याचंच अ‍ॅव्हरेज सरळ काढता येत नाही.

अमेरिकन पुस्तिकेत हे पहिल्यापासून बरोबर होतं. लोकांची तक्रार वेगळीच होती: लेबलवरचा आकडा पडत नाही. जाहिरातींमध्ये बारीक अक्षरांत ‘तुमचा मायलेज वेगळा असू शकतो’ अशी पुस्ती यायला लागली. ती इतकी अंगवळणी पडली की आज इंटरनेटवर ‘माझा अनुभव असा, तुमचा तुम्ही बघा’ या अर्थाने तिचीच आद्याक्षरं टाकतात.

ईपीएने १९८४ मध्ये तोडगा काढला. परीक्षा तीच ठेवायची, फक्त लेबलवर लिहिताना शहराचा आकडा दहा टक्क्यांनी आणि हायवेचा बावीस टक्क्यांनी कापायचा. १९८५ च्या मॉडेलांपासून ही कात्री लागू झाली. मंडईत भाव सांगावा आणि गिऱ्हाईकाने कापून मागावा, तसा प्रकार. पण कात्री सगळ्यांना सारखी होती, त्यामुळे कोण पुढे कोण मागे हा क्रम हलला नाही. तुलना टिकली.

१९९९ मध्ये पुस्तिका वेबवर गेली. ऊर्जा खातं आणि ईपीए यांनी मिळून काढलेली ही साइट सांभाळण्याचं काम टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे आलं. अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पासाठी १९४३ मध्ये वसवलेली ही जागा. जिथे युरेनियमचा हिशोब झाला तिथे आता कोरोला लिटरला किती जाते ते लिहिलं जातं. मला यात काहीतरी फार बरं वाटतं.

साइटवर साल निवडायचं, कंपनी निवडायची, मॉडेल निवडायचं आणि अनेक गाड्या शेजारीशेजारी ठेवायच्या. ऐकायला माझ्याच पानासारखं. पण मॉडेलच्या नावाने गाडी ठरत नाही, हे ती साइट पहिल्यापासून पाळते. त्याच नावाखाली तीन इंजिनं, दोन गिअरबॉक्स, दोन किंवा चार चाकांना जोर. प्रत्येक जोडणीची वेगळी ओळ. शिवाय जुन्या गाड्याही, थेट १९८४ च्या मॉडेलांपर्यंत. छापील पुस्तिका त्या वर्षापुरती असायची. आता पंधरा वर्षांची जुनी गाडी आणि आजची नवी एका पडद्यावर आली. पुस्तिकेने कधी न दिलेलं हे वचन साइटने दिलं, आणि तेच अंगाशी येणार होतं.

*

या सुमाराला प्रियस आली. २००४ च्या प्रियसच्या लेबलवर शहरात ६०, हायवेला ५१ असे आकडे होते, म्हणजे लिटरला साडेपंचवीस आणि पावणेबावीस किलोमीटर. लोकांना ते पडेनात. आधीच्या गाड्यांनाही लेबलइतकं पडत नव्हतंच, पण प्रियस घेणारा माणूस मायलेजसाठीच गाडी घेत होता आणि त्याच्या समोरच्या पडद्यावर क्षणाक्षणाचा आकडा दिसत होता. तो मोजणार आणि बोलणार.

वीस वर्षांत रस्ताही बदलला होता. ५५ ची मर्यादा गेली होती. लोक ताशी ७५ ने जात होते आणि एसी लावून जात होते. प्रयोगशाळेत मात्र अजून एसी बंद, हवा सुखद आणि वेग साठच्या आत. काँग्रेसने २००५ च्या कायद्यात ईपीएला आकडे सुधारायला सांगितलं. डिसेंबर २००६ मध्ये नवी रीत ठरली: दोनाऐवजी पाच परीक्षा. जुन्या दोन होत्याच, शिवाय ताशी ८० मैलांपर्यंत जाणारी, झटके देत चालवलेली तिसरी. ३५ अंश तापमानात एसी लावून चौथी. आणि उणे सात अंशांच्या थंडीत पाचवी. २००८ च्या मॉडेलांपासून लागू.

आता साइट सांभाळणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. २००७ ची गाडी जुन्या मापाची, २००८ ची नव्या. वापरणारा दोन्ही शेजारी ठेवणार आणि म्हणणार, नवी गाडी जास्त पितेय, जुनीच घेऊ. गाडी कदाचित तीच असेल, एक खिळाही बदललेला नसेल. माझ्या शीटमध्ये जे झालं होतं तेच इथे देशाच्या पातळीवर होऊ घातलं होतं.

सोपा मार्ग होता: तळाला एक बारीक टीप टाकायची. त्यांनी तसं केलं नाही. १९८५ पासूनच्या सगळ्या जुन्या गाड्यांचे आकडे नव्या मापात बदलून घेतले. लक्षावधी लोकांच्या दारात उभ्या असलेल्या, काचेवर सरकारी लेबल लावून विकलेल्या गाड्यांचा मायलेज एका रात्रीत पडद्यावर कमी झाला.

हजारो जुन्या गाड्या शोधून पुन्हा रोलरवर चढवणं शक्यच नव्हतं. म्हणून सूत्र वापरलं, आणि ते सूत्र बघण्यासारखं आहे. जुन्या दहा टक्क्यांसारखी सरसकट कात्री त्यात नाही. मैलामागे किती गॅलन लागतात ते घ्यायचं, त्याला एका गुणकाने वाढवायचं आणि वर एक ठरावीक छोटी रक्कम मिळवायची. शहरासाठी ही रक्कम मैलाला ०.००३२५९ गॅलन. एसी किंवा थंड इंजिन जे पेट्रोल खातं ते काही प्रमाणात गाडी मोठी की छोटी ते बघत नाही. भरपूर पिणाऱ्या गाडीला ते जाणवतही नाही, घोट-घोट पिणाऱ्या गाडीला चांगलंच जाणवतं. गणित करून पाहिलं: लेबलवर शहरात १५ असलेल्या ट्रकचे सुमारे साडेतेरा होतात, दहा टक्के घट. प्रियसच्या साठाचे ४८ होतात, वीस टक्के घट. साइटवर २००४ च्या प्रियसपुढे आज ४८ आणि ४५ च दिसतात.

म्हणजे सगळ्यात चांगल्या गाडीला सगळ्यात जास्त फटका, आणि तो देणारी कोण, तर कमी पेट्रोल जाळा म्हणून लोकांच्या मागे लागणारी संस्था. प्रियसचे साठ त्यांना प्रचाराला सोयीचे होते. तरी उतरवले. सरकारी खात्याने स्वतःचा छापील आकडा चूक होता असं इतक्या उघडपणे मांडल्याची उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत. (तुम्हाला आठवली तर कळवा, खरंच.)

*

पुढचं थोडक्यात. जून २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी दाखवलं की आकडा बरोबर असला तरी लोक तो चुकीचा वाचतात. आपल्या मापात सांगतो. महिन्याला हजार किलोमीटर. एकाने ८ देणारी गाडी बदलून १० ची घेतली, दुसऱ्याने २० ची बदलून ३० ची. टाळ्या दुसऱ्याला मिळणार. पण पहिल्याचे २५ लिटर वाचले, दुसऱ्याचे सतराही नाहीत. २०११ मध्ये लेबल नव्याने आखलं तेव्हा १०० मैलांना किती गॅलन, हा आकडाही त्यावर आला. गाड्यांना शाळेसारखी ए, बी, सी श्रेणी द्यावी असाही प्रस्ताव आदल्या वर्षी होता. कंपन्यांनी विरोध केला आणि तो मागे पडला.

विजेच्या गाड्यांनी आणखी घोळ घातला. २००९ मध्ये जनरल मोटर्सने येऊ घातलेली व्होल्ट शहरात गॅलनला २३० मैल जाईल असं जाहीर केलं. अधूनमधून पेट्रोल लागणाऱ्या गाडीला गॅलनने मोजलं की आकडा हवा तेवढा फुगवता येतो. शेवटी ३३.७ युनिट वीज म्हणजे एक गॅलन असं धरलं गेलं, आणि व्होल्टच्या लेबलवर एकूण ६० आले.

आणि २०१२. ह्युंदाईच्या इलांट्राबद्दल तक्रारी आल्या म्हणून ईपीएने गाडी स्वतः तपासली. इथे एक गोष्ट सांगायची राहिली: बहुतेक गाड्यांची परीक्षा कंपन्या स्वतःच घेतात, सरकार त्यातल्या काहीच पुन्हा तपासतं. रोलरला हवेचा आणि रस्त्याचा विरोध किती दाखवायचा हे ठरवण्यासाठी गाडी खऱ्या ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलला टाकतात आणि हळू व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. ह्युंदाई आणि किया यांनी अशा अनेक फेऱ्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीच्या फेऱ्या धरल्या होत्या. पुन्हा सरासरीच! सुमारे नऊ लाख गाड्यांची लेबलं बदलली, मालकांना जादा पेट्रोलचे पैसे मिळाले, आणि २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड झाला. साइटवरचे आकडेही उतरले.

मालकांनी स्वतःचा मायलेज नोंदवण्याची सोय त्या साइटवर बऱ्याच वर्षांपासून आहे. तो सरकारी आकड्याशेजारी दिसतो, पण त्यात मिसळला जात नाही. दोन रकाने, दोन नावं. हे पाहिलं तेव्हा मला माझी शीट आठवून कानशिलं गरम झाली.

आपल्याकडचे माहितीपत्रकातले बरेच आकडे पुण्यात पौड रोडजवळच्या टेकडीवर असलेल्या एआरएआयच्या नावाने ओळखले जातात. १९६६ ची संस्था, रोलर तसेच, पिशव्या तशाच. आपल्या परीक्षेची वेगाची रेघ युरोपातल्या जुन्या रेघेवरून घेतलेली, कमाल वेग ताशी ९० ला थोपवलेला. त्यात नाशिकचा द्वारका चौक संध्याकाळी सात वाजता बसत नाही, पण तशी अपेक्षाही नाही. सगळ्या गाड्यांना तीच रेघ असेल तर क्रम लावायला तो आकडा पुरतो. भावाला पडलेल्या चौदाचा दोष टेकडीवरच्या रोलरचा नव्हता. मी बावीसच्या शेजारी दुसऱ्या गाडीचे मालकांनी सांगितलेले सोळा ठेवले, ते माझं काम होतं. त्या दुसऱ्या गाडीचं माहितीपत्रक नंतर मिळालं. त्यात चोवीस होते.

हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्याला सांगू नकोस."

पान पुन्हा केलंय. आता प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला ते लिहिलेलं असतं, एकूण अ‍ॅव्हरेज लिटरमधून काढलेलं असतं आणि १०० किलोमीटरला किती लिटर तेही असतं. दोन गाड्यांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणचे असले की ‘तुलना करा’ राखाडी होतं. भावाला लिंक पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, "दादा, बटण दाबलंच जात नाहीये."